प्रागला अर्धा दिवस: बस टूर, टिपवाली पायी टूर, घरापुरता गाइड की बावीस नंबरची ट्राम?

आम्ही राहतो त्या जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून प्राग आगगाडीनं साधारण अडीच तास. त्यामुळे नाशिकहून, पुण्याहून आमच्याकडे जो पाहुणा येतो त्याच्या यादीत प्राग असतंच. "तू आहेस ना बरोबर, मग टूर कशाला?" हेही असतंच. मी बरोबर असते, पण मी गाइड नव्हे. आईबाबा, सासूसासरे, मामा-मामी आणि एकदा कॉलेजच्या मैत्रिणी, अशा चार खेपांत चार तऱ्हा करून झाल्या. परवा मावसबहिणीचा फोन आला. प्रागला एक दिवस, एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे. सोबत नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचा एक गुडघा बदललेला. "ताई, अर्ध्या दिवसाची टूर घेऊ, की पैसे वाया?"

तिला पहिली गोष्ट मी सांगितली ती शहराच्या उताराची. व्लताव्हा नदीच्या एका काठाला टेकडीवर गड, म्हणजे प्राग कॅसल. दुसऱ्या काठाला सपाटीवर जुनं शहर. मध्ये 516 मीटर लांबीचा चार्ल्स पूल. गड हा एक वाडा नव्हे, जवळजवळ 70,000 चौरस मीटरांवर पसरलेली वसाहतच आहे. चौक, चर्चं, राजवाडा, गल्ल्या, सगळं आत. आणि सगळीकडे दगडी फरसबंदी, पातळ तळव्याच्या चपलेत दोन तासांत पाय बोलायला लागतात. अर्ध्या दिवसात हे सगळं बसवायचं म्हणजे प्रश्न एवढाच की चढ कोण चढणार आणि आत किती शिरणार. टूरच्या जाहिरातीत नेमकं हेच नसतं.

बस अधिक पायी, साडेतीन तासांची टूर

ही सगळ्यात जास्त विकली जाते. बस शहराच्या नव्या भागातून फिरवते. व्हेन्सेस्लास चौक, राष्ट्रीय संग्रहालय, नाट्यगृह हे सगळं काचेतून. मग गडाच्या वरच्या अंगाला सोडते. तिथून गाइडमागे गडाचे चौक, उतरून पूल, आणि शेवट जुन्या शहरातल्या घड्याळापाशी. मोठा फायदा म्हणजे चढ बस चढते, तुम्ही फक्त उतरता.

तोटे आम्ही आईबाबांबरोबर भोगले. कंपनीचं नाव घेत नाही, दुसऱ्यांकडेही फार निराळं असेल असं वाटत नाही. बुकिंग करताना टूर 'इंग्रजी' होती. बसमध्ये कळलं की इंग्रजी, जर्मन आणि स्पॅनिश अशी तिन्ही एकाच गाइडच्या तोंडून. एक चौक तीनदा ऐकायचा. इंग्रजीतला चौक बाबांना कळेपर्यंत बस पुढच्या चौकात. गडावर 'सेंट व्हीटस कॅथेड्रल' असं छापलेलं होतं. आम्ही ते दारातून पाहिलं, तिकीट टूरमध्ये नव्हतं. 1344 साली पायाभरणी आणि 1929 साली पूर्ण, म्हणजे 585 वर्षं बांधलेलं चर्च. त्यासमोर आम्ही बारा मिनिटं उभे होतो आणि त्यातली पाच फोटोत गेली.

म्हणून ही टूर घ्यायची तर बुक करण्याआधी दोनच प्रश्न विचारा. गाइड एकाच भाषेत बोलणार का? आणि गडाचं आतलं तिकीट धरलंय का, की फक्त चौक? दुसऱ्याचं उत्तर बहुधा 'फक्त चौक' असंच येतं. चौकात तर कोणीही फुकट जाऊ शकतं.

टिपवाली पायी टूर

हिला सगळे 'फ्री टूर' म्हणतात. फ्री काही नसतं. शेवटी गाइडला टिप द्यायची असते आणि ती त्याची त्या दिवसाची कमाई असते. मी माणशी 200 ते 300 कोरुना (चेक चलन) देते. अडीच तास, बहुतेक जुन्या शहराच्या बाजूला. गट मोठा, कधी पंचवीस-तीस जणांचा, बसायला जागा नाही, मध्ये एक कॉफीची सुट्टी.

सासऱ्यांसोबत, म्हणजे अप्पांसोबत ही घेतली, आणि खरं सांगायचं तर चारांत हीच सगळ्यात जमली. त्याचं कारण घड्याळ.

जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवरचं ते खगोलीय घड्याळ 1410 सालचं. दर तासाला खाली माणसांचा समुद्र. सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य फिरून जातात, सोन्याचा कोंबडा आरवतो, संपलं. मिनिटभराचा खेळ. अप्पा म्हणाले, "एवढंच?" आजूबाजूच्या निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावर तेच होतं.

गर्दी पांगल्यावर मात्र गाइडनं सगळ्यांना थांबवून वरची तबकडी वाचायला शिकवली. बाहेरच्या काळ्या कड्यावरचे गॉथिक वळणाचे आकडे 1 ते 24. ती जुनी बोहेमियन वेळ, तिचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आत दिवसाचे बारा भाग, उन्हाळ्यात लांब, हिवाळ्यात आखूड. एका काट्यावर सूर्य, एकावर चंद्राचा अर्धा काळा अर्धा चंदेरी गोळा, कला दाखवणारा. आणि बाजूला सरकलेलं राशींचं चक्र. अप्पांनी चष्मा पुसला. "हे पंचांग आहे," ते मराठीत म्हणाले, आणि मग मला: "पण सूर्य वृषभेत दाखवतंय. आज पाच मे. आपल्याकडे अजून मेषेतच आहे." मी गाइडला विचारलं. त्याला सायन-निरयन, म्हणजे राशी मोजायच्या दोन पद्धती, ठाऊक नव्हतं, पण त्यांच्याकडे सूर्य 21 मार्चच्या सुमारास मेषेत जातो एवढं त्यानं सांगितलं. आपल्याकडे ते 14 एप्रिलच्या आसपास. तेवीस-चोवीस दिवसांचा तो फरक अप्पांनी त्याला बोटांवर मोजून समजावला, माझ्या तोडक्यामोडक्या दुभाषेपणातून. टूर दहा मिनिटं लांबली, कोणी कुरकुर केली नाही. पुस्तकात हे वाचून मी अप्पांना दाखवू शकले असते का? कदाचित. पण कुठं पाहायचं हेच मला तोवर माहीत नव्हतं.

गाइडचा दुसरा उपयोग मला त्याच चौकात कळला. टाउन हॉलच्या बाजूला फरशीत 27 पांढरे क्रॉस आहेत. लोक त्यांवर उभे राहून आइसक्रीम खातात. 1621 च्या जूनमध्ये तिथं 27 बंडखोरांना मारलं. का, तर नदीपलीकडे गडावर 23 मे 1618 रोजी प्रॉटेस्टंट सरदारांनी कॅथलिक बादशहाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या कारकुनाला खिडकीतून खाली फेकलं. तिघंही वाचले. कॅथलिक म्हणाले देवदूतांनी झेललं, प्रॉटेस्टंट म्हणाले उकिरड्यावर पडले. 1620 मध्ये बिला होराच्या टेकडीवर बंडखोर हरले, आणि पुढच्या वर्षी हा चौक. युरोपभर तीस वर्षं चाललेल्या युद्धाची ठिणगी ती खिडकी. खिडकी एका काठाला, क्रॉस दुसऱ्या काठाला. मधला धागा कोणी बोलून दाखवला नाही तर दोन्हीही नुसते दगड.

गैरसोय सांगायला हवी. या गाइडांत तऱ्हा फार. मैत्रिणींसोबतच्या खेपेला जो मिळाला तो अडीच तास बिअर आणि विनोद यांवरच होता. आणि गुडघ्याचं दुखणं असेल तर अडीच तास उभं राहणं हे चालण्यापेक्षा वाईट.

बावीस नंबरची ट्राम, आपलं आपण

मामा-मामींबरोबर हे केलं. जुन्या शहराच्या बाजूला राष्ट्रीय नाट्यगृहापाशी 22 पकडायची, बिला होराच्या दिशेची. हो, तीच लढाईची टेकडी. ट्राम नदी ओलांडते, गडाच्या पायथ्याच्या माला स्ट्राना वस्तीतून वळणं घेत वर चढते आणि 'प्राझ्स्की ह्राड' थांब्यावर उतरवते. तिथून पाचेक मिनिटं जवळजवळ सपाट चाललं की गडाचं उत्तरेकडचं दार. थोडक्यात, बस टूर ज्यासाठी पैसे घेते तो चढ ट्राम शहरी तिकिटात चढते. कार्ड टेकवून तिकीट ट्राममध्येच मिळतं. कागदी तिकीट असेल तर यंत्रात छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड.

गडाचं तिकीट आपलं आपण काढलं की वेळ आपली. कॅथेड्रल, जुना राजवाडा (ती खिडकी इथंच), सेंट जॉर्जचं चर्च आणि गोल्डन लेन. ही शेवटची म्हणजे भातुकलीतल्यासारख्या घरांची चिंचोळी गल्ली. लेखक काफ्का 1916-17 मध्ये इथल्या 22 नंबरच्या घरात लिहायला यायचा. मामांनी राजवाड्याच्या मोठ्या दालनात अर्धा तास काढला, कारण तिथं घोड्यांवरून खेळ व्हायचे म्हणून घोडे चढतील असा जिना आहे. टूरमध्ये हा अर्धा तास कोणी दिला नसता.

उतरताना याच ट्रामनं 'हेलिखोव्हा' थांब्याला या. समोरच्या चर्चमध्ये प्रागचा बाळ येशू आहे. माझं माहेर नाशिकरोडचं. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला रस्ते कसे फुलतात ते लहानपणापासून पाहिलेलं. मामी त्या यात्रेला न चुकता जाणाऱ्या, हिंदू घरातल्या असून. मूळ मूर्ती ही. मेणाची, हातभर उंचीची, 1628 मध्ये पॉलिक्सेना लोबकोविच या सरदारणीनं कार्मेलाइट साधूंना दिलेली. तिला ऋतुमानानुसार पोशाख बदलतात. मामी काही बोलल्या नाहीत, पदर डोक्यावर घेऊन बसून राहिल्या. अर्ध्या दिवसाच्या कुठल्याही टूरनं आजवर मला इथं आणलेलं नाही.

तशीच दुसरी जागा पुलावर. जुन्या शहराकडून येताना डाव्या हाताला सेंट फ्रान्सिस झेवियरचा पुतळा, 1711 सालचा, शिल्पकार ब्रोकोफनं घडवलेला. गोव्याच्या बॉम जेझूमध्ये ज्यांचं शव आहे तेच हे. पायाशी परदेशी वेशांतली माणसं त्यांना पेलून धरलेली. 1890 च्या पुरात पुलाच्या कमानी कोसळल्या तेव्हा हा नदीत गेला. आज दिसते ती प्रतिकृती. गाइड समोरच्या कठड्यावरच्या सेंट जॉन नेपोमुककडे धावतात, कारण तिथल्या पितळी पट्टीला हात लावला की पुन्हा प्रागला येणं होतं म्हणे. झेवियरपाशी कोणी थांबत नाही.

आपलं आपण जाण्याची किंमत मात्र आहे. आदल्या रात्री दोन तास वाचन कोणीतरी करावं लागतं. आणि ते कोणीतरी म्हणजे आपणच असतो.

फक्त आपल्या घरासाठी गाइड

एकट्याला महाग, पाच-सहा जणांत वाटलं की बसच्या आसपास येतं. बाकावर बसता येतं, मुलाचे प्रश्न ऐकले जातात, थांबवून भाषांतर करता येतं. आईबाबांसाठी मी दुसऱ्या दिवशी शेवटी हाच केला. आईला चेक वळणाचं इंग्रजी उमगत नाही. एका माणसाशी बोलताना मात्र ती खुणांनीही बोलली. घेताना परवानाधारक गाइड आहे का ते बघा आणि गडाची तिकिटं आधी काढून ठेवायला सांगा.

वरती उघडी असलेली चढा-उतरा बस मी सुचवत नाही. जुन्या शहराच्या गल्ल्यांत ती शिरूच शकत नाही. पर्यटकांना फिरवणाऱ्या त्या 'जुन्या' मोटारी तर बऱ्याचशा नव्याच आहेत, जुन्या दिसतील अशा बनवलेल्या. एक जाता जाता: पैसे बदलणाऱ्या खिडकीवर फसल्यासारखं वाटलं तर पावती सांभाळा. चेक कायद्यानं 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. अप्पांचे आम्ही तसे परत आणलेत.

आता मावसबहिणीचं. तिला विचारलं, वार कोणता? हा प्रश्न कोणी विचारत नाही. शनिवारी जोसेफॉव, म्हणजे ज्यू वस्तीतली संग्रहालयं आणि जुनी दफनभूमी, बंद. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे 78,000 जणांची नावं हातानं लिहिलेली आहेत. ती बाहेरून दिसत नाहीत. रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना, पाहुण्यांना दुपारी बारानंतरच प्रवेश. अर्ध्या दिवसाच्या टूर मात्र शनिवारी आणि रविवारी सकाळीच जोरात भरतात.

ती शनिवारी सकाळी पोचतेय. मग बस टूर नको. शनिवारी 22 नं वर, गड आतून, खाली बाळ येशू, सासूबाई हॉटेलवर आडव्या. दुपारी नवरा आणि मुलगा टिपवाल्या टूरला, घड्याळ वाचायला. रविवारी सकाळी दोन तासांचा गाइड फक्त घरच्यांसाठी, जोसेफॉवमध्ये. सासूबाईंसाठी घडीचं स्टूल आमच्याकडे आहे, ते ड्रेस्डेनहून घेऊन ये म्हणाली. म्हणजे मी पुन्हा चाललेय.