‘मेंदूतला कफ’ काढणाऱ्या शिबिरात वहिनीची झालेली लूट

खान्देशात उन्हाळा लागला की तालुक्याच्या गावांत ‘मोफत नाडीपरीक्षा, अर्धशिशी मुळापासून बरी’ असे बॅनर लागतात. तिथे जायच्या आधी हे वाचा. आमच्या वहिनीचे 18,000 रुपये गेले, आणि तब्येतही गेली.

‘मनं डोकं फुटी ऱ्हायनं’ म्हणत ती अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. शिबिरातल्या माणसाने नाडी धरली आणि सांगितलं, मेंदूत कफ साचलाय, पंचकर्माने धुऊन काढू. नाकात कसलंसं झोंबणारं तेल घातलं. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, चिकट शेंबूड आला, तो वाटीत धरून त्याने सगळ्यांना दाखवला: ‘बघा, निघाला!’ बायाबापड्यांनी तिथल्या तिथे पैसे भरले. अहो, नाकात झोंबणारं काहीही घातलं तरी शेंबूड येतो. तो नाकाच्या आतल्या अस्तरातूनच येतो, मेंदूतून नाही.

मग मिठाचं पाणी पाजून उलट्या, दुसऱ्या दिवशी जुलाब. तेही भर मे महिन्यात. उपाशी पोट आणि अंगातलं कमी झालेलं पाणी, दोन्हींनी अर्धशिशी उठते. वहिनीला शेवटी सलाईन लावावं लागलं.

पुढे जळगावच्या एका नोंदणीकृत वैद्यांना दाखवलं. ते संतापले. वमन (औषधाने उलट्या) आणि विरेचन (जुलाब) यांच्याआधी तीन ते सात दिवस औषधी तूप पाजतात, मग तेल लावून शेक देतात, नंतर पेजेपासून हळूहळू जेवणावर आणतात. वमनाचा काळ वसंत, विरेचनाचा शरद. आधीच थकलेल्या बाईला ऐन ग्रीष्मात कोणी शिकलेला वैद्य असं करणार नाही. म्हणजे ज्या शास्त्राच्या नावावर पैसे घेतले, तेच शिबिरवाल्यांनी पाळलं नव्हतं. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

शिबिरातली पुडी घेतली की अर्ध्या तासात डोकं उतरायचं, बंद केली की दुप्पट चढायचं. अशा सुट्या पुड्यांत वेदनाशामक गोळ्या किंवा स्टेरॉइड कुटून घातलेले सापडतात. पुडीवर घटक, परवाना क्रमांक, तारीख काहीच नव्हतं. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर हे सगळं छापलेलं असावंच लागतं.

बॅनरवाल्याकडे आधी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक मागा. पक्की पावती मागा. पैसे आधीच गेले असतील तर पुडी आणि बॅनरचा फोटो जपून ठेवा, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.