आधी वजनकाटा, मग सलाईन: एका डे-केअर विभागातील आठ महिने

बाबांच्या लहान आतड्याचा मोठा भाग शस्त्रक्रियेत काढून टाकावा लागला आणि उरलेल्या आतड्याचे तोंड पोटावर काढण्यात आले, तेव्हापासून त्यांच्या शरीरात पाणी टिकत नाही. दिवसभरात जवळपास दोन लिटर पातळ स्राव पोटावरच्या पिशवीत जमा होतो, लघवी गडद आणि थोडी होते, पायांत गोळे येतात आणि खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. गेले आठ महिने ते एका रुग्णालयाच्या डे-केअर विभागात शिरेवाटे द्रव घेत आहेत. प्रत्येक खेपेला मी त्यांच्यासोबत असते, त्यामुळे या सेवेत काय चांगले आहे आणि काय सुधारायला हवे, हे मी जवळून पाहिले आहे.

या विभागाची पहिली ओळख सलाईनच्या बाटलीने होत नाही, वजनकाट्याने होते. रुग्ण आला की त्याचे वजन घेतात. मग त्याला आडवे करून रक्तदाब मोजतात आणि उभे केल्यावर तीन मिनिटांनी पुन्हा मोजतात. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर रक्तवाहिन्यांतील द्रव अपुरा असण्याची शक्यता धरून पुढची तपासणी होते. एक-दोन दिवसांत एक किलो वजन घटले असेल, तर साधारण एक लिटर पाणी गेले असे मानले जाते, कारण चरबी किंवा स्नायू इतक्या झपाट्याने कमी होत नाहीत. त्यानंतर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) यांसाठी रक्त, आणि त्यासोबत लघवीचा नमुना घेतात. लघवीच्या नमुन्याचे महत्त्व मला येथेच समजले. रक्तातील सोडियम पुष्कळदा सामान्य दिसते आणि घरचे लोक निर्धास्त होतात, पण शरीरात मीठ कमी पडले असेल तर मूत्रपिंड ते धरून ठेवते आणि लघवीतील सोडियम लिटरला २० मिलिमोलच्या (क्षारांचे प्रमाण मोजण्याचे एकक) खाली जाते. बाबांचा पहिला अहवाल नेमका असाच होता.

त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला जे समजावून सांगितले, त्यासाठी मी या विभागाची कायम ऋणी राहीन. घरी आम्ही बाबांना सतत साधे पाणी पाजत होतो आणि पिशवी अधिकच भरत होती. आतड्याच्या वरच्या भागाचे अस्तर असे असते की आत साधे पाणी आले की शरीरातील मीठ त्या पाण्याकडे ओढले जाते, आणि ते पुन्हा शोषून घेणारा खालचा भाग बाबांकडे उरलेला नाही. अशा स्रावाच्या एका लिटरमध्ये सुमारे १०० मिलिमोल सोडियम असते, म्हणजे दोन लिटरबरोबर रोज पावणेबारा ग्रॅमच्या आसपास मीठ बाहेर पडते. आम्ही ज्याला उपचार समजत होतो, तो पाण्याचा प्रत्येक जास्तीचा पेला त्यांना अधिक कोरडे करत होता. हे ऐकताना मला अतिशय वाईट वाटले. परिचारिकेने मात्र लगेच वही पुढे केली आणि साधे पाणी दिवसाला किती द्यायचे आणि त्याऐवजी काय द्यायचे, ते मोजून लिहून दिले. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की सोडियम सुमारे ९० मिलिमोल होते. ग्लुकोज आतड्यात शोषला जाताना सोडियमलाही सोबत आत घेतो आणि त्यांच्यामागून पाणी जाते. हे द्रावण घोट-घोट प्यायचे आणि स्रावाचा वेग कमी करणारी लोपेरामाइडची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, हा क्रम तेव्हा ठरला. प्रमाण रुग्णागणिक बदलते, म्हणून ते आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

प्रत्यक्ष सलाईनच्या बाबतीत हा विभाग काटेकोर आहे. नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे १५४ मिलिमोल सोडियम आणि तितकेच क्लोराइड असते. बाबांचे नुकसान मुख्यतः मिठाचे असल्याने त्यांना ते मानवते, आणि अहवाल पाहून त्यात मॅग्नेशियम घालतात. मॅग्नेशियम सुधारल्यावर पायांतले गोळे थांबले, इतकेच नव्हे, तर गोळ्या देऊनही जागचे न हलणारे पोटॅशियमही वर आले. बाबांचे हृदय थोडे अशक्त आहे, म्हणून द्रव ताशी १५० मिलिलिटरच्या वेगाने सोडतात. एका मिलिलिटरला २० थेंब पडणाऱ्या नळीतून हे मिनिटाला ५० थेंब होतात, आणि परिचारिका घड्याळ लावून ते मोजतात. एका लिटरला पावणेसात तासांच्या आसपास लागतात. शेजारच्या खाटेवरच्या बाटल्या भराभर संपताना पाहून नातेवाईक अनेकदा नळीवरचे, थेंबांचा वेग ठरवणारे चाक सैल करायला सांगतात. येथे ते कोणी ऐकत नाही, आणि मला ते योग्यच वाटते, कारण वेगाने गेलेला द्रव अशा हृदयाला न पेलून फुफ्फुसांत साठू शकतो.

आठ महिन्यांत तीनदा बाबांना सलाईन न लावता परत पाठवले गेले. पहिल्यांदा मला राग आला होता. सकाळपासून आवरून, गाडी करून आम्ही गेलो होतो आणि बाबांना थकवाही होता. पण वजन आधीपेक्षा सव्वा किलोने वाढलेले होते, घोट्यांवर बोट दाबल्यावर खड्डा राहत होता आणि लघवीत पुरेसे सोडियम होते. थकव्याचे कारण रक्तक्षय निघाले आणि त्यावर वेगळे उपचार झाले. थकवा म्हटला की सलाईन, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की नकार देणारा दवाखाना वाईट ठरतो. माझ्या मते या सेवेवर विश्वास ठेवण्याचे सर्वांत मोठे कारण हे तीन नकारच आहेत. ज्याचे आतडे शाबूत आहे आणि ज्याला उलटी न होता पिता येते, त्याची तहान तोंडानेच भागवता येते, हे तेथील डॉक्टर प्रत्येकाला न कंटाळता सांगतात.

सलाईन गेलेला द्रव भरून काढते, गळती थांबवत नाही. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे डॉक्टर थॉमस लाटा यांनी पटकीच्या (कॉलराच्या) रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले, तेव्हा त्यांची पहिली रुग्ण आश्चर्यकारकपणे सावरली, पण उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती दगावली. म्हणूनच आहार, द्रावण आणि गोळ्या यांवर येथे दिला जाणारा वेळ मला बाटलीइतकाच मोलाचा वाटतो. सुरुवातीला बाबांना आठवड्यातून तीनदा जावे लागे, आता दहा दिवसांतून एकदा पुरते.

उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. रक्ताच्या अहवालासाठी कधीकधी दोन तास थांबावे लागते, आणि तोवर कोरडा पडलेला रुग्ण बाकावर बसून असतो. त्याला निदान आडवे होण्याची सोय मिळायला हवी. एकदा नव्या परिचारिकेने कोपराच्या घडीत कॅन्युला, म्हणजे शिरेत राहणारी सलाईनची बारीक नळी, बसवली. हात वाकला की थेंब थांबत, आणि दोन दिवसांनी ती नस लाल होऊन दोरीसारखी कडक झाली. तक्रार केल्यावर प्रमुख परिचारिकेने क्षमा मागितली आणि तेव्हापासून नस मनगटाच्या वरच्या सरळ भागातच शोधतात. सुट्टीच्या दिवशी हा विभाग बंद असतो, मग तातडीच्या विभागात सगळा इतिहास पुन्हा सांगावा लागतो.

माझी सर्वांत गंभीर तक्रार मात्र नसांबद्दलच आहे. तिसऱ्या महिन्यापासून बाबांच्या हातांवर नस सापडणे अवघड झाले होते, एकेका दिवशी चार-चार वेळा सुई टोचावी लागे, आणि तरीही छातीतील मोठ्या शिरेत दीर्घकाळ राहणारी नळी बसवावी का, ही चर्चा पाचव्या महिन्यात सुरू झाली. त्या नळीतून जंतू थेट रक्तात जाण्याचा धोका असतो, त्यामुळे डॉक्टरांचा सावधपणा मी समजू शकते आणि शेवटी आम्हीही ती न बसवण्याचेच ठरवले. पण तो निर्णय बाबांना दोन महिने आधी, हात सुजण्यापूर्वी घेता आला असता.

ज्यांचे आतडे आखूड झाले आहे किंवा ज्यांच्या पिशवीतील स्राव आटोक्यात येत नाही, त्यांनी या पद्धतीने चालणारा विभाग अवश्य शोधावा. जाताना मागच्या सात दिवसांची वही न्यावी: रोजचे वजन, पिशवीतून किती गेले, लघवी किती झाली आणि तोंडाने काय किती घेतले. आम्ही पहिल्या भेटीला ती नेली नव्हती, आणि पहिला प्रश्न तिच्याबद्दलच होता.