एमएम 540 चं इंजिन: प्यूजो उघडावं, डीआय टाकावं की थेट सीआरडीई?

महिंद्राची जुनी एमएम 540 जीप काळा धूर सोडायला लागली, ऑइल खायला लागली, घाटात दम टाकायला लागली, की गॅरेजमध्ये सल्ला ठरलेला: "प्यूजो काढा, डीआय टाका." म्हणजे मूळचं प्यूजो इंजिन काढून महिंद्राचंच डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन बसवा. पुष्कळांनी तसं केलं आणि ते खूशही आहेत. पण माझं मत आधीच सांगतो: ब्लॉक आणि क्रँक धड असतील, तर पहिला मान मूळ इंजिनाचा, ते उघडून दुरुस्त करण्याचा.

महिंद्राने 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी 4.90 या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. 90 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 83 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), 2112 सीसी. स्ट्रोक आखूड, म्हणून इंजिन मोकळं फिरतं. 62 अश्वशक्ती मिळते ती मिनिटाला 4500 फेऱ्यांवर. डीआयची कुळी ट्रॅक्टरची, इंटरनॅशनल या ट्रॅक्टर कंपनीच्या घराण्यातली. बोअर 88.9, स्ट्रोक 101.6, 2523 सीसी. ताकद खालच्या फेऱ्यांतच येते आणि तीन हजारांच्या आसपास ते हातचं सगळं देऊन मोकळं होतं.

चालवताना हा फरक लगेच कळतो. डीआय दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून, चिखलातून ट्रॉली ओढत नेतं. डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्याने ॲव्हरेज बरं पडतं, आणि थंडीत हीटरची वाट न बघता ते सुरू होतं. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, काम येणारा मेकॅनिकही मिळतो. त्याबदल्यात खडखडाट आणि थरथर पदरात पडते. प्यूजोला सुरू होण्याआधी सिलिंडर तापवणारे हीटर प्लग लागतात, भागांसाठी वणवण होते. पण हमरस्त्यावर ते ज्या सहजतेने धावतं, ती डीआयला कधीच येत नाही.

आता गॅरेजवाला सहसा बोलत नाही तो मुद्दा: क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, जी प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या कमी करून चाकांना देते. जीपच्या घराण्यात 5.38 चं गुणोत्तर बरंच सापडतं, म्हणजे क्राउनला 43 दात, पिनियनला 8. टॉप गिअर थेट (इंजिनाच्या एका फेरीला शाफ्टची एक फेरी) आणि टायर 6.00-16 मापाचे धरले, तर 3000 फेऱ्यांवर ही गाडी साधारण 75 च्या वेगाने जाते. प्यूजोला पुढे आणखी पल्ला शिल्लक असतो. डीआयचं तिथे संपतं. नाशिक-पुणे असा प्रवास सत्तरने, कानठळ्या बसवत करावा लागतो. 4.27 चं (47 आणि 11 दात) क्राउन-पिनियन असेल, तर त्याच फेऱ्यांवर वेग 95 च्या आसपास जातो. फोर-बाय-फोर असेल तर पुढचं आणि मागचं दोन्ही बदलावे लागतात, नाहीतर पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस मार खाते.

तुमच्या गाडीत काय आहे हे हाउसिंग न उघडता कळतं. गिअर न्यूट्रलला, पुढच्या चाकांना दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर घ्या. ते हाताने पूर्ण दोनदा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याच्या फेऱ्या मोजा. साडेपाचच्या जरा कमी भरल्या तर 5.38, सव्वाचारच्या आसपास भरल्या तर 4.27. इंजिनाचा सौदा करण्याआधी एवढं कराच.

सीआरडीईचं, म्हणजे महिंद्राच्या नव्या पिढीच्या कॉमन रेल डिझेल इंजिनाचं म्हणाल तर 2010 च्या थारमधलं 2498 सीसीचं इंजिन 105 अश्वशक्ती आणि 247 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. प्यूजोच्या टॉर्कच्या हा जवळपास दुप्पट. तो झेलणार कोण? जुना गिअरबॉक्स, जुने ॲक्सल आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. वर ईसीयू (इंजिनाचा संगणक), सेन्सर आणि अख्खं वायरिंग आलंच. एवढा पैसा घालायचा असेल, तर सरळ जुनी थार बघा.

कागदांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये यावर ठाम भूमिका घेतली. परवानगी घेऊन केलेला बदलही 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंदवावा लागतो. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला इंजिन नंबर तपासेल. 2112 चे 2523 सीसी होणार, ही नोंद तुमचं आरटीओ करणार का, हे लेखी विचारा, आणि उत्तर हातात आल्यावरच भंगार बाजारात जा. तिथेही पक्कं बिल आणि इंजिन ज्या गाडीतून निघालं तिचे कागद मागा. बेल हाउसिंग, फ्लायव्हील आणि माउंटिंग त्याच गाडीचं घ्या, म्हणजे जुळवाजुळवीचं वेल्डिंग टळेल.

शेतावर, डोंगरात, रोजच्या ओझ्याला गाडी लागते आणि आरटीओ होकार देतं, तर डीआय खुशाल टाका. सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन लांब जायचं असेल, तर प्यूजो उघडा. हेडची प्रेशर टेस्ट करून तडा नाही ना बघा, पंप आणि नोझल कॅलिब्रेट करून घ्या, रेडिएटर नवीन कोअरचा बसवा.