मराठी शाळेचं विज्ञान नव्यानं बसवायचंय: राज्याचं पुस्तक, बालभारती, एनसीईआरटी की प्रयोगाची पेटी?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या एसडीएमसीवर म्हणजे शाळेच्या देखरेख समितीवर असलेल्या ओळखीच्या पालकांनी परवा फोन केला, म्हणाले सर, तिसरी ते सातवीचं विज्ञान जरा नव्यानं बसवायचं चाललंय, कोण म्हणतंय महाराष्ट्राची पुस्तकं आणूया, कोण म्हणतंय सीबीएसईचं धरूया, तुम्ही सांगा काय ते. फोनवर तासभर बोलून पण संपेना म्हणून लिहून काढतोय. मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवलंय त्यामुळं जे लिहितोय ते वर्गात उभं राहून बघितलेलं आहे, पण माझा कल कुठं आहे तो लपवणार नाही.

आधी एक गोष्ट मिटवून टाकूया. शाळा सरकारी असो नाहीतर अनुदानित, पुस्तक बदलायचा अधिकार शाळेला नाहीच. आपल्या जिल्ह्यात शैक्षणिक जिल्हे दोन, बेळगाव आणि चिक्कोडी, पण दोन्हीकडचे डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) किंवा बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) सुद्धा पुस्तक बदलू शकत नाहीत, ते बेंगळूरवरनं ठरतं. मग हातात काय राहतं? धडे कुठल्या महिन्यात घ्यायचे, जोडीला काय वापरायचं, प्रयोगाला किती तास द्यायचे, घटक चाचणीत काय विचारायचं. एवढं हातात असलं तरी पुष्कळ आहे, लोक उगीच पुस्तकावरच भांडत बसतात.

आता राज्याचं पुस्तक. कर्नाटकात पाठ्यपुस्तकं सात माध्यमांतून निघतात, त्यात मराठी आहे, सरकारी शाळेत फुकट मिळतात. पहिली ते पाचवी परिसर अध्ययन, सहावीपासून विज्ञान वेगळं. खालच्या वर्गांना नलिकली, जी १९९५ ला म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे भागात सुरू झाली आणि मग राज्यभर पसरली, कार्डं घ्यायची, गटात बसायचं, आपल्या गतीनं पुढं जायचं. नलिकलीला नावं ठेवणारे खूप आहेत पण माझं मत उलटं आहे, त्या पोरांना हातानं काही करायची सवय असते, आणि चौथीत आली की आपणच ती सवय मोडतो, फळ्यावरचं वहीत उतरवा म्हणून. पुस्तकाची खरी अडचण मराठीची आहे. काही ठिकाणी भाषा अशी की वाक्य दोनदा वाचावं लागतं, अनुवाद वाटतो. पण पोरगं त्याच राज्याची एसएसएलसी म्हणजे दहावीची परीक्षा देणार आहे हे विसरून चालत नाही, आणि नववी-दहावीचं विज्ञान तर एनसीईआरटीवरच, म्हणजे केंद्राच्या पुस्तकांवरच बेतलेलं आहे.

बालभारतीचं, म्हणजे महाराष्ट्राच्या पुस्तकांचं बघा. भाषा गोड, चित्रं चांगली, आपल्या पोरांना घरची वाटते. संस्था १९६७ पासूनची, पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये फुकट. सहावीच्या सामान्य विज्ञानात सोळा धडे, त्यात चुंबकाची गंमत म्हणून एक धडा आहे तो मी दरवर्षी वाचून दाखवायचो कारण आमच्या पुस्तकापेक्षा पोरांना तो लगेच कळायचा. पण पूर्ण पुस्तकच जोडीला धरलं तर काय होतं ते अनुभवलंय. इयत्तेप्रमाणं घटक जुळत नाहीत, जे तिकडं सहावीत ते इकडं सातवीत, पोरांच्या डोक्यात दोन पुस्तकं, मास्तरांच्या डोक्यात दोन, आणि परीक्षा एकाच पुस्तकावर. चौथीचा परिसर अभ्यास भाग दोन म्हणजे तर शिवछत्रपती, तो विज्ञानाला लागत नाही. शिवाय तिकडंही पुस्तकं बदलायला लागलीत, २०२५-२६ ला पहिलीपासून सुरुवात झाली, म्हणजे आज झेरॉक्स काढून ठेवलेला गठ्ठा दोन-चार वर्षांत जुना. आणि हो, बालभारतीचं पुस्तक बाकावर दिसलं की आपल्याकडं विज्ञान बाजूला राहतं आणि दुसरीच चर्चा सुरू होते, ती इथं करत नाही. माझं म्हणणं एवढंच, मास्तरांनी वाचावं, निवडक पानं वर्गात वाचून दाखवावीत, पोराच्या दप्तरात दुसरं पुस्तक घालू नये.

सीबीएसई आणि एनसीईआरटीचं पटकन सांगतो कारण यात फार निवड नाहीच. संलग्नता वेगळी, फी वेगळी, माध्यम बदलणार, म्हणजे मराठी शाळा मराठी राहत नाही. पण एनसीईआरटीचं २०२४ ला आलेलं सहावीचं नवं पुस्तक मास्तरांनी जरूर चाळावं, बारा धडे आहेत, चुंबक, तापमान मोजणं, पाण्याच्या अवस्था, मिश्रण वेगळं करणं, आणि प्रत्येक ठिकाणी आधी करायला लावलंय मग सांगितलंय. सातवी-आठवीची त्याच्या पुढच्या वर्षी आली. प्रश्न तिथनं घ्या, मराठीत आपले आपण मांडा.

चौथा मार्ग म्हणजे पुस्तक मागं, प्रयोग पुढं. यात दोन जुनी उदाहरणं आहेत आणि दोन्ही ठरवणाऱ्यानं माहीत करून घ्यावीत. होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम १९७२ ला मध्य प्रदेशात सोळा शाळांत सुरू झाला, सहावी ते आठवी, स्वस्तातली किट, गटानं प्रयोग, निष्कर्ष पोरांनी काढायचा, आणि परीक्षेत पुस्तक उघडून बघायला परवानगी! वाढत वाढत हजारभर शाळांत गेला आणि २००२ ला सरकारनं बंद केला. तीस वर्षांचं काम एका ऑर्डरवर. दुसरं उदाहरण मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं, १९७४ पासूनची संस्था, त्यांनी प्राथमिकसाठी पुस्तकं, सोबत कृतिपुस्तिका आणि शिक्षकांसाठी वेगळं पुस्तक केलं, मराठीतही केलं. ते शिक्षकांचं पुस्तक मला सगळ्यात उपयोगी वाटतं कारण पोरगं काय चुकीचं उत्तर देईल आणि ते का देईल याचा विचार त्यात आहे. तिसरी-चौथीच्या बाईंच्या टेबलावर ते असावंच.

या मार्गाचं बळ कुठं दिसतं ते सांगतो. मातीचा धडा होता. आमच्याकडं खानापूरला तांबडी माती, आणि वर्गातल्या एकाचा मामा अथणीकडचा, तर पोरगा सुट्टीला गेला तेव्हा पिशवीभर काळी माती घेऊन आला. दोन प्लास्टिकच्या बाटल्या मधोमध कापल्या, वरचा भाग उलटा घालून तोंडाला फडकं बांधलं, एकात तांबडी एकात काळी, दोन्हींत सारखं पाणी ओतलं. तांबडीतनं थेंब लगेच सुरू झाले. काळीवर पाणी तसंच उभं, पोरं वाट बघून कंटाळली, मग माती फुगली फुगली म्हणून एकदम ओरडायला लागली. आता तिकडं अथणीला पाऊस कमी आणि माती पाणी धरून ठेवणारी, इकडं कणकुंबीकडं धो धो पाऊस आणि माती पाणी सोडणारी, मग तिकडं ज्वारी का आणि इकडं भात का, आणि भाताला बांध घालून चिखलणी का करावी लागते, हे सगळं त्या एका तासात पोरांनीच बोलून काढलं. चिखलणीचं तर एका मुलीनं सांगितलं, पाय मारून मारून भोकं बुजवतात सर. हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नाही.

पण अडचणही लिहितो नाहीतर खोटं होईल. अशा एका तासाला माझी आदल्या दिवशीची संध्याकाळ जायची. बहुतेक प्राथमिक शाळांत एकच मास्तर दोन-तीन वर्ग एकत्र घेऊन बसतो, वर ऑनलाइन माहिती भरा, बिसीऊटचा म्हणजे दुपारच्या जेवणाचा हिशोब ठेवा, सर्व्हे करा. त्याला आठवड्याला चार प्रयोग करा म्हणणं म्हणजे चेष्टाच. पंधरा दिवसाला एक, पण धरून, एवढं ठरवा.

आणि क्रम बदला. याला एक पैसा लागत नाही. जून-जुलैमध्ये बी, मूळ, माती, पाणी, कारण रोपलावण डोळ्यासमोर चाललेली असते. सावली, चंद्र, तारे नोव्हेंबरनंतर, आभाळ मोकळं झाल्यावर. गंमत बघा, बेळगावला सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते ते वर्षातनं दोनच दिवस, एक मेच्या सुरुवातीला म्हणजे शाळेला सुट्टी, दुसरा ऑगस्टच्या दहा तारखेच्या आसपास म्हणजे आभाळ भरलेलं. तरी अंगणात एक काठी उभी करा आणि दर महिन्याला दुपारची सगळ्यात आखूड सावली खडूनं नाही तर रंगानं आखून ठेवा, वर्षाच्या शेवटी पोरांना कळतं ते तक्त्यावरनं कधी कळत नाही. वीज-ऊर्जा शिकवाल तेव्हा गोकाकचं नाव घ्या, धबधब्याच्या पाण्यावर १८८७ लाच तिथं वीज केलेली आहे. धातूचा धडा आला की बेळगावच्या ॲल्युमिनियम कारखान्याचं आणि बॉक्साइटचं बोला. प्राण्यांचा आला की भीमगड अभयारण्य, तिथल्या बारापेडे गुहेत जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं वटवाघूळ आहे, आणि आमची पोरं पुस्तकात पेंग्विन पाठ करतात.

आता ज्यावर कोणीच बोलत नाही तो मुद्दा, आणि माझ्या मते ठरवायचं ते यावरच. शब्द. एकदा सहावीच्या उत्तरपत्रिकेत सात-आठ पोरांनी लिहिलेलं, तांबे हे लोह आहे. मला कळेना, सगळ्यांनी एकच चूक कशी. मग वर मान केली तर भिंतीवर कन्नड तक्ता, वर मोठ्या अक्षरात लोहगळु, खाली तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड यांची चित्रं. कन्नडमध्ये लोह म्हणजे धातू. मराठीत लोह म्हणजे लोखंड. आणि कन्नडमध्ये धातू म्हणजे काय? मूलद्रव्य. म्हणजे पोरगं सातवीपर्यंत आपल्याकडं बरोबर शिकलं आणि आठवीला कन्नड हायस्कूलला गेलं की त्याचं बरोबर तिथं चूक. चुंबकाला तिकडं अयस्कांत, घनतेला सांद्रते, प्रकाशसंश्लेषणाला द्युतिसंश्लेषणे. ऑक्सिजन म्हणजे आम्लजनक, त्यामुळं आम्ल शिकलेल्या पोराला वाटतं हा ॲसिडचा कायतरी प्रकार. (त्या पोराला हसू नका, ऑक्सिजन हे नाव देणाऱ्या लव्हॉझिये या फ्रेंच शास्त्रज्ञालाही वाटायचं की प्रत्येक आम्लात हा असतोच.) आणि कुठल्याही माध्यमातनं दहावी केली तरी पीयूसी सायन्सला (अकरावी-बारावी) गेलं की सगळं इंग्रजीत. अशी दोन वळणं आपल्या पोराच्या वाट्याला येतात, निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळीकडं.

बालभारती आणलं तर हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. एनसीईआरटी आणलं तर फक्त इंग्रजीचं वळण लवकर येतं. म्हणून माझं मत: राज्याचं पुस्तकच कणा ठेवा, क्रम आपल्या पावसापाण्याप्रमाणं लावा, पंधरा दिवसाला एक प्रयोग, आणि पाचवीपासून प्रत्येक पोराच्या वहीत मागच्या पानांवर तीन रकाने, मराठी, कन्नड, इंग्रजी, धड्यागणिक आठ-दहा शब्द. कन्नड शिकवणाऱ्या मॅडमना सोबत घ्या, त्यांनाही मजा येते, आमच्याकडं त्यांनीच अर्धी यादी करून दिलेली. खर्च करायचाच असेल तर भिंग, चुंबक, थर्मामीटर, टॉर्चचे सेल, वायर, छोटे बल्ब यावर करा, संपूर्ण शाळेला पुरेल एवढं सामान एका स्मार्ट टीव्हीपेक्षा स्वस्त पडतं. मात्र ते वर्गात उघड्या फळीवर ठेवा, कपाटात नको, आमच्या एका शाळेत किल्ली हरवल्यामुळं भिंगं दोन वर्षं आतच होती.

खासगी विनाअनुदानित शाळा असेल आणि बहुतेक पोरं आठवीला इंग्रजी माध्यमालाच जाणार असतील तर गणित थोडं बदलतं, मग सहावीपासून एनसीईआरटीचे प्रश्न जास्त घ्या आणि इंग्रजी रकाना आधी भरा. म्हणून मीटिंगला जाण्याआधी एक काम करा, गेल्या तीन वर्षांत सातवी पास झालेली पोरं आठवीला कुठं गेली, कन्नड किती, इंग्रजी किती, मराठीत किती राहिली, ही यादी हेडमास्तरांकडनं दाखल्याच्या रजिस्टरवरनं काढून न्या, अर्ध्या तासाचं काम आहे.