टूडी की थ्रीडी? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलांनी आधी काय शिकावं

पीयूसीचा (बारावीचा) निकाल लागला की टिळकवाडीपासून निपाणीपर्यंतचे पालक हमखास विचारतात, "सर, पोराचा हात चांगला आहे, ॲनिमेशनला घालायचं म्हणतोय. पण टूडी आता जुनं झालं म्हणतात. थ्रीडीलाच घालू काय?" यात भरमसाट फी, पुण्या-बेंगळूरला राहण्याचा खर्च आणि मुलाची उमेदीची दोन-तीन वर्षं गुंतलेली असतात. टूडी म्हणजे सपाट चित्रांचं ॲनिमेशन, थ्रीडी म्हणजे संगणकात उभी केलेली, सगळ्या बाजूंनी बघता येणारी पात्रं हलवणं. माझं मत आधीच सांगतो. ज्याला चित्र काढायची ओढ आहे त्यानं टूडीपासून सुरुवात करावी, तीही कागद-पेन्सिलीवर. थ्रीडी त्यानंतर. याला अपवाद आहेत, ते पुढे येतील.

टूडी जुनं झालं ही समजूत हवेतून आलेली नाही. १९९५ साली 'टॉय स्टोरी' हा संपूर्ण संगणकावर बनलेला पहिला मोठा चित्रपट आला आणि दहा वर्षांच्या आत अमेरिकेतल्या बड्या स्टुडिओंनी हाताने काढलेले चित्रपट जवळपास थांबवले. तिथली लाट आपल्याकडे जाहिरातींतून पोहोचली: थ्रीडी म्हणजे नवं, टूडी म्हणजे मागासलेलं. जपानने मात्र हे कधी मानलंच नाही. २०२० साली आलेला 'डिमन स्लेयर'चा चित्रपट जपानच्या इतिहासातला सर्वाधिक कमाईचा ठरला. त्याआधीचा विक्रम होता २००१ च्या 'स्पिरिटेड अवे'चा. दोन्ही मुख्यतः हाताने काढलेले. २०२४ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्करही जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या हाताने रेखाटलेल्या चित्रपटालाच मिळालं.

त्याहून बोलकं उदाहरण २०१८ च्या थ्रीडी 'स्पायडर-व्हर्स'चं आहे. त्यात चेहऱ्यांवर शाईसारख्या रेषा ओढल्या, अनेक हालचाली मुद्दाम टूडीच्या तालावर बसवल्या. थ्रीडीवालेच हाताच्या रेषेकडे परत येत असतील, तर ती रेषा ज्याच्या हातात आहे त्याची किंमत कमी कशी होईल?

आता फरक कुठे पडतो ते लेझमीच्या एका पावलावर पाहू. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. टूडीत बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटी धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. लेझमीचा एक ठेका अर्ध्या सेकंदाचा धरला तर सहा चित्रांत पोरगं वाकून लेझीम मिटणार आणि उठून उघडणार. वाकलेलं आणि उठलेलं, ही दोन मुख्य चित्रं आधी काढायची. मधली चार जर सारख्या अंतरावर काढली, तर पोरगं यंत्रासारखं वरखाली होतं. तीच चार चित्रं वाकलेल्या टोकाशी दाटीने काढली आणि उठताना अंतर मोकळं सोडलं, की गुडघ्यावर भार आलेला दिसतो आणि उठण्यात झटका येतो. फेट्याचा शेमला अंगाच्या मागून, एक-दोन चित्रं उशिरा यायला हवा. हे सगळं लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, कागद एकमेकांवर ठेवून, बोटांत पानं फडफडवून बघत शिकायचं असतं.

थ्रीडीत तुम्ही मुख्य दोन ठेवणी देता आणि मधलं संगणक भरतो. ही सोय आहे आणि नवख्याचा घातही इथेच होतो. भरलेलं तसंच सोडलं की पाय जमिनीवर टेकल्यासारखे न वाटता अंग घसरत जातं. ते दुरुस्त करायला संगणकावर हालचालीच्या आलेखाच्या वक्ररेषा ओढाव्या लागतात, पण कुठली किती ओढायची हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ज्यानं शेमला हाताने शंभरदा काढलाय त्याला ते दिसतं. थ्रीडी शिकूनही ज्यांच्या रीलमध्ये, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या चित्रफितीत, जीव येत नाही, अशा मुलांचं अडतं ते बहुधा इथेच.

थ्रीडीचं पारडंही काही ठिकाणी निर्विवाद जड आहे. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं दृश्य करायचं, कॅमेरा रथाभोवती फिरवायचा आणि मागे हजार माणसं दाखवायची, तर टूडीत प्रत्येक कोन नव्याने काढावा लागतो. थ्रीडीत एकदा रथ उभा केला की हव्या त्या बाजूने बघा. पात्राचा अंगरखा शेवटच्या आठवड्यात बदलायला सांगितला तरी थ्रीडीत निभावतं. हाताने काढलेल्या कामात मात्र प्रत्येक चित्राला पुन्हा हात लावावा लागतो. गेम, वास्तूंची दृश्यं, चित्रपटातले व्हीएफएक्स (संगणकावर केलेले दृश्य-परिणाम) यांचं काम प्रामुख्याने थ्रीडीचंच आहे.

खर्चाचं बोलू. कागदावरच्या टूडीला काच, खाली एलईडी, कागद जागेवर धरणारी पेग पट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा एवढं पुरतं. पुढे पेन टॅब्लेट आणि साधा लॅपटॉप. क्रिटा आणि ओपनटून्झ ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आणि ओपनटून्झ ज्या प्रणालीवरून आलं ती मियाझाकींच्या जिब्ली स्टुडिओतच वापरात होती. थ्रीडीचं ब्लेंडरही फुकट आहे. त्यावर बनलेल्या 'फ्लो' या लॅटव्हियाच्या चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळालं, त्यामुळे फुकटचं म्हणून कमी दर्जाचं समजू नये. पण ब्लेंडर नीट चालवायला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं आणि तसा पीसी सहज लाखाच्या घरात जातो. रेंडर, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्रं तयार करून घेणं, रात्रभर लावून ठेवावं लागतं. पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. घरून शिकणाऱ्यानं हे हिशेबात धरावं.

एक फायदा खास आपल्या भागातल्या मुलांचा आहे. टूडीच्या मालिकांत बोलणाऱ्या तोंडाचे ठरावीक आठ-दहा आकार काढून ठेवतात आणि संवादाप्रमाणे बसवतात. प, ब, म ला ओठ मिटतात, ओ ला गोल होतात, आणि हे मराठीत आणि कन्नडमध्ये सारखंच आहे. म्हणजे शाळेसाठी किंवा आरोग्यासाठी केलेली एकच छोटी चित्रफीत दोन्ही भाषांत बोलती करता येते. दोन्ही भाषा कानावर असलेला बेळगावचा पोरगा हे काम एकटा करू शकतो. पुण्याच्या मुलाला कन्नडचा ताल कुणाकडून तरी विचारून घ्यावा लागेल.

टूडीच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी शिकवतात, तिथे मात्र डोळे उघडे ठेवा. एक, वर सांगितलेलं चित्रागणिक काम. दुसरी कट-आउट, म्हणजे पात्राचे हात, पाय, डोकं वेगळे तुकडे करून संगणकावर बाहुलीसारखे हलवणं. टीव्हीच्या कार्टून मालिकांत आपल्याकडे जास्त काम कट-आउटचं निघतं, त्यामुळे तेही यायलाच हवं. पण काही क्लास फक्त तेच शिकवून टूडीचं प्रमाणपत्र देतात. असं मूल तयार पात्र हलवू शकतं, नवं पात्र वळवून काढू शकत नाही. तयार तुकडे हलवण्याचं काम एआय सगळ्यात आधी गिळेल असं मला वाटतं, म्हणून या एका मुद्द्यावर मी हट्टी आहे.

आता अपवाद. गणपतीच्या आधी शाडू मळणाऱ्या घरातलं मूल असेल, कागदापेक्षा माती त्याच्या हाताला जास्त ऐकत असेल, तर त्याला थेट थ्रीडी मॉडेलिंगला जाऊ द्या. मूर्तीची मागची बाजू न बघता ओळखणारी नजर तिथे सोन्याच्या मोलाची आहे. ज्याला गेमच करायचे आहेत, गणित आवडतं, त्यानंही टूडीत अडकू नये. आणि वर्षभरात पगार सुरू झालाच पाहिजे अशी घरची परिस्थिती असेल, तर कट-आउट किंवा व्हीएफएक्समधलं नवख्यांचं काम जवळचा रस्ता आहे, रेखाटन संध्याकाळी चालू ठेवावं.

बाकीच्यांनी लोअर-हायरच्या ड्रॉइंग परीक्षांवर थांबू नये. त्यांत हात बसतो, हालचाल येत नाही. चित्रकार रवी परांजपे १९३५ साली बेळगावातच जन्मले आणि के. बी. कुलकर्णी सरांकडे शिकले, म्हणजे पायाभूत रेखाटनाची परंपरा आपल्याला परकी नाही. राम मोहन यांनीही १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात, डिस्नेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्याकडे असंच चित्रागणिक शिक्षण घेतलं. पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून त्यांचं नाव झालं.

क्लास पाहायला जाल तेव्हा एसी लॅब आणि भिंतीवरची पोस्टर्स सोडून तीन गोष्टी मागा. आठवड्याला जिवंत माणसासमोर बसून रेखाटनाचे तास किती? गेल्या वर्षीच्या मुलांनी स्वतः काढलेली चालण्याची, वजन उचलण्याची चित्रफीत दाखवता का? आणि शिकवणाऱ्यानं स्वतः केलेलं काम कुठे बघायला मिळेल? टाळाटाळ झाली तर ॲडव्हान्स भरू नका. प्रवेश कुठेही घ्या, तोवर मुलाला शनिवारच्या बाजारात वही घेऊन बसवा. भाजीची पाटी डोक्यावर चढवणाऱ्या बाईची पाच चित्रं काढायला सांगा: वाकताना, उचलताना, तोल सावरताना, उभी राहताना आणि पहिलं पाऊल टाकताना. तोल सावरतानाचं चित्र ज्याला पुन्हा पुन्हा काढावंसं वाटेल, त्याला टूडीला घाला.