आजीची स्मरणिका फोंड्याच्या प्रेसमध्ये छापून घेतली, त्याचा अनुभव (४ स्टार)

पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते खाली लिहिते. आजीच्या वर्षश्राद्धाला वाटायला छोटी स्मरणिका करायची होती, ती गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या ह्या प्रेसमध्ये केली आणि घरातले सगळे खूश आहेत, म्हणजे ज्यांना कशातच कधी काही बरं दिसत नाही ते माझे धाकटे काका धरून.

आधी एका ऑनलाइन फोटोबुकच्या अ‍ॅपवर प्रयत्न केला होता. दिसायला मस्त, पण मराठी मजकूर टाकला की रफार एकीकडे आणि वेलांटी तिसरीकडे, शिवाय टेम्प्लेट सगळी लग्नाची नाहीतर बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची, त्यातले गुलाबी फुगे काही केल्या जाईनात. नव्वदी पार केलेल्या बाईच्या मागे फुगे! सोडून दिलं.

प्रेस म्हणजे दोन खोल्या, पुढे लग्नपत्रिकांचे नमुने टांगलेले, आत मशीन. मालक कमी बोलतात. हा रिव्ह्यू मी लिहितेय तो टायपिंगला बसतात त्या ताईंसाठी. मी दीड पान मजकूर घेऊन गेले होते, प्रेमळ, कष्टाळू, मायाळू, सगळ्यांना आपलंसं करणाऱ्या, आमचा आधारवड वगैरे. ताईंनी शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "हे मी दर महिन्याला टाइप करते हां, नुसतं नाव बदलायचं. माई करत काय होत्या ते सांगा ना." खरं सांगते राग आला, पैसे देऊन छापायला आलोय तर छापा की. पण मग स्टूल ओढून बसले आणि सांगत सुटले, त्या टाइप करत गेल्या.

आजीला गावात सगळे माईच म्हणायचे. जन्म १९३१चा, दाखला पोर्तुगीजमध्ये, त्यात नावाचं स्पेलिंग असं की वाटावं दुसऱ्याच कोणाचा आणलाय. शिक्षण मराठी चौथी, म्हार्दोळला, तेव्हा सरकारी शाळा पोर्तुगीज आणि मराठी शाळा लोकांनी आपल्या पैशाने चालवलेल्या, मास्तर कुठे कोणाच्या ओसरीवर तर कुठे देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या खोल्यांत. १९६१च्या डिसेंबरात भारताचं लष्कर आलं तेव्हा ती तीस वर्षांची, माझे बाबा कडेवर, आणि मुक्तीची तिची मुख्य आठवण काय तर कपाटातल्या एस्कुदोंचं, म्हणजे पोर्तुगीजांच्या चलनाचं, आता करायचं काय हा आजोबांना लागलेला घोर. मग गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात गावोगावी सरकारी मराठी शाळा झाल्या, पोरं शाळेत जायला लागली, पण आयांना सही येत नाही. तर हिने रात्री जेवणं झाल्यावर त्यांना अग्रशाळेत कंदिलाभोवती बसवायला सुरुवात केली. अ आ इ नाही, पहिल्याच दिवशी बाईचं स्वतःचं नाव, रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा नाही एवढाच सिलॅबस. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात तिने फुलावर (महाराष्ट्रात विलीन व्हा) शिक्का मारला की दोन पानांवर (गोवा वेगळा ठेवा) हे आजोबांनाही शेवटपर्यंत सांगितलं नाही (आजोबांनी खूप प्रयत्न केले म्हणे), पण घरातून ज्यांना कोणी मतदानाला सोडत नव्हतं अशा बायांना मात्र हाताला धरून घेऊन गेली.

इथे ताईंनी टायपिंग थांबवून विचारलं, "कंदिलाला रॉकेल कोण घालायचं?"

मला माहीत नव्हतं. बाबांना फोन लावला, त्यांनाही नाही. शेवटी वास्कोच्या आत्याला विचारलं तर ती म्हणाली, अगो जायांच्या माळा करून विकायची ना ती देवळाकडे, त्या पैशातून, आणि आजोबांना सांगायची फुलं यंदा कमी आलीत. एवढी वर्षं घरात कोणी हे बोललं नव्हतं! ते आता पान चारवर आहे, आणि वर्षश्राद्धाला आलेल्या प्रत्येकाने तेवढंच पान आधी वाचलं.

बाकी पण बरंच आलं. पल्स पोलिओचा रविवार असला की ही सकाळीच बूथवर, आणि रस्त्यात कुठलंही पोर दिसलं की आधी त्याची डावी करंगळी बघायची, शाई नसेल तर घरापर्यंत मागे जायची. २०१४ला भारत पोलिओमुक्त झाल्याची बातमी कापून ठेवली होती, स्वतःच्या पदकासारखी. कोणाला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात न्यायचं असेल तर फोंड्याहून कदंबाची सरकारी बस, पणजीला उतरून दुसरी बस, एका हातात पेजेचा डबा आणि दुसऱ्यात त्या माणसाचे केसपेपर. ऐंशी झाल्यावर बस बंद केली आम्ही, तर घरी बसून लोकांचे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या म्हाताऱ्यांना वगैरे मिळणाऱ्या मासिक पेन्शनचे फॉर्म भरायला लागली. त्यात दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो नाहीतर पैसे थांबतात, म्हणून तिच्याकडे एक वही होती, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची नावं आणि पुढे टिक, त्यातले अर्धे तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्या वहीचं एक पान ताईंनी स्कॅन करून मागच्या कव्हरवर घेतलं, लोकांची नावं पांढरी करून, नुसत्या टिका ठेवून. ही कल्पना त्यांचीच, मला सुचली नसती.

फोटोंचं सांगते. आपल्याकडच्या पावसात जुन्या फोटोंचं काय होतं ते माहीत आहे, पांढरे बुरशीचे ठिपके आणि कोपरे चिकटलेले. भाच्याने मोबाईलवर एआयने साफ करून दिला होता तर आजी पस्तिशीची सिरियलमधली सासू दिसायला लागली, दात सुद्धा नवीन. इथल्या पोराने मूळ फोटो स्कॅन केला, ठिपके तेवढे काढले आणि चेहऱ्याला हात लावला नाही. पुढचा वाकडा दात, केसातली आबोलीची वेणी, सगळं जागच्या जागी.

आता कापलेला स्टार. आतल्या पानांवर दोन ग्रुप फोटो काळपट आलेत, स्क्रीनवर छान दिसत होते, त्यामुळे पीडीएफवर ओके देऊ नका, एक तरी पान छापून मागा. दुसरं म्हणजे मालकांचं "उद्या". पुस्तकं आदल्या संध्याकाळी हातात आली, आईचं बीपी वाढलं तोवर. भाव जास्त नाही, शंभर प्रती असतील तर डिजिटलच परवडतं, ऑफसेटला गेलात तर खूप जास्त छापाव्या लागतात हे त्यांनीच सांगितलं, उगाच मोठी ऑर्डर गळ्यात मारली नाही. सेंटर पिन बायंडिंग (मधोमध पिना मारून घडी घातलेलं) असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, आमची अठरा होत होती. ताई म्हणाल्या, दोन वाढवू नका, दोन काढा. काढली, आणि त्यात माझा आधारवड पण गेला.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, क्वालिटी जाते, पेनड्राइव्ह नाहीतर मूळ प्रिंट घेऊन जा. शनिवारी गर्दी असते. दुपारी एक ते साडेतीन शटर बंद, आणि ताई सकाळीच असतात, मजकुराचं काम असेल तर तेव्हाच जा आणि जाण्याआधी घरातल्या सगळ्यात थोरल्या आत्याचा नंबर जवळ ठेवा.