लेआउटवर पाणी: रेझिन ओतायचं की ग्लॉस मीडियम लावायचं?

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे छोट्या आगगाडीभोवतीच्या देखाव्यात, नदी नाहीतर खाडी करायची ठरली की सगळे आधी इपॉक्सी रेझिन (हार्डनर मिसळला की काचेसारखं घट्ट होणारं द्रव) शोधायला लागतात. माझं स्पष्ट मत, कोकण रेल्वेसारखा सीन असेल तर त्याची गरजच नाही. आपल्या खाडीचा तळ दिसतो कुठे? पाणी हिरवट-मातकट, पावसाळ्यात तर अगदी चहासारखं, म्हणजे खोली दाखवायचं काम रंगच करतो. मधोमध काळपट हिरवा, काठाकडे ओल्या मातीचा, आणि दोन्ही ओले असतानाच मिसळून घ्यायचे, मध्ये रेघ दिसली की संपलं. वाळलं की वरून ग्लॉस मीडियमचे (वाळल्यावर पारदर्शक आणि चकचकीत होणारं अ‍ॅक्रिलिक द्रव) पातळ हात मारायचे, प्रत्येक हात पूर्ण पारदर्शक झाल्यावरच पुढचा, घाई केली तर आत दुधाळ डाग राहतो. मीडियमऐवजी सुतारकामाचा पांढरा गम वापरू नका, दमट हवेत तो परत पांढरट पडतो.

रेझिन घ्यायचं ते विहीर, डोह किंवा हिवाळ्यातल्या ओढ्यासाठी, जिथे खालचे गोटे दिसायला हवेत. तिथे मीडियम कितीही थापलं तरी ती खोली येत नाही. पण रेझिन त्रास देतं: बारीक फटीतूनही गळतं, काठावर चढतं, जाड थर एकदम ओतला तर तापतं आणि तडकतं, दमट हवेत वरचा थर धुरकट होऊ शकतो. साधारण ३ मिमीचे थर द्या, रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण वजनाने आहे की मापाने ते डब्यावर नीट वाचा, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि ओतल्यावर धूळ बसू नये म्हणून वर खोकं पालथं घाला. उन्हात पिवळं पडतं, त्यामुळे लेआउट खिडकीपाशी असेल तर नकोच.

लाटांसाठी मात्र दोन्हीकडे ग्लॉस जेलच (मीडियमचाच घट्ट प्रकार) लागतं, कारण रेझिन सपाट बसतं. इथे स्केल विसरू नका, ३ मिमीची लाट एचओ स्केलमध्ये (१:८७) २६ सेंमीची होते, एन स्केलमध्ये (१:१६०) जवळपास अर्ध्या मीटरची, संथ खाडीत ती खोटी वाटते.

दूधसागर करायचा असेल तर हे दोन्ही बाजूला ठेवा. ३१० मीटरचा धबधबा एचओमध्ये साडेतीन मीटर होतो, म्हणजे उंची कमी करावीच लागणार, आणि धारांसाठी पारदर्शक सिलिकॉन प्लास्टिकवर उभं ओढायचं, वाळलं की सोलून कड्यावर चिकटवायचं आणि कोरड्या ब्रशने पांढरा रंग नुसता टेकवायचा.